डांबरावरचं अंगण

साठ सालाच्या आसपास अमरावतीहून मोर्शीला जाणारी सडक रुंद केली, तेव्हा आमचं अर्धं अंगण डांबराखाली गेलं. वळण सरळ केलं, कडेचे निंब तोडले. साहेब लोक खूश, ट्रकवाले त्याहून खूश. संत्र्यांनी भरलेले ट्रक आमच्या दारावरून हॉर्न वाजवत भन्नाट सुटायचे. हळू करायचं नाव नाही.

त्या हॉर्नचा आमच्या घरी काडीचा उपयोग नव्हता. सासूबाई ठार बहिऱ्या. आमचा भाजीचा मळा सडकेपलीकडे, आणि रोज सकाळी वांगी तोडायला त्या जाणारच. खुणेनं अडवलं की म्हणायच्या, "मळा माहा हाय. मी जाईनच." एकदा ट्रक इतका जवळून गेला की त्यांचा पदर उडाला. त्यांना वाटलं, वावटळ आली.

दिवाळीच्या सकाळी मी शेणाचा सडा टाकत होते. सवयीनं हात जुन्या अंगणाच्या हद्दीपर्यंत गेला आणि निम्मा सडा डांबरावर पडला. पडला तर पडला, म्हणून रांगोळीही तिथवर काढली. इतक्यात मोर्शीकडून ट्रक आला आणि रांगोळीपाशी चक्क मंदावला. ड्रायव्हरनं गाडी जपून कडेनं काढली. कोणाच्या अंगणातून ट्रक दामटायला त्याचाही जीव धजावला नाही.

मग काय! शेजारणींना गोळा केलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या दारांपुढचा सडा रांगोळीसकट थेट सडकेच्या मधोमध जाऊ लागला.

कोणीतरी चुगली केली असणार. एका सकाळी सडकेचा साहेब जीप घेऊन तंबी द्यायला आला. नेमक्या तेव्हाच सासूबाई टोपली घेऊन सडक ओलांडत होत्या, इकडेतिकडे न बघता. पण सडा दिसताच जीप आधीच हळू झाली होती. त्या निवांत पार झाल्या. साहेब उतरून माझ्यावर खेकसला, "रस्ता सरकारी आहे. हे धुऊन काढा."

"अंगन आमचं होतं, थे तुमी घेतलं. मी माह्या अंगनात सडा टाकून राहिली. धुनार नाई."

"वर कळवीन."

"कळवा. पन पयले सांगा, तुमची जीप कावून हळू झाली?"

तो जीपमध्ये बसला आणि रांगोळीला वळसा घालून गेला.

आम्हाला अडाणी म्हणा, हट्टी म्हणा. सासूबाई पुढे बऱ्याच वर्षांनी गेल्या, आपल्या खाटेवर, म्हातारपणानं. ट्रकला मी त्यांना दिलं नाही.