शुक्रवारी मारणार आहेत त्याला

लॉन्ड्रीत तिला सगळे रेडिओ म्हणायचे. दिवसभर गुणगुणायची म्हणून रेडिओ, आणि त्यातही खरखर जास्त, गाणं कमी. सुरांचं आणि तिचं लहानपणापासून कधी पटलं नाही. त्याचं दुःख तिला नव्हतं, ऐकणाऱ्यांना असायचं. त्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुवायला येत, आणि रेडिओबाईने जोडीदारणीबरोबर त्यांच्या घड्या घालायच्या. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक भिडवायचं, की पुन्हा मागे. फळीवरच्या खऱ्या रेडिओवर उडतं गाणं लागलं की पावलं आपोआप भराभर पडत आणि घड्यांचा ढीग वर चढे. रडकं गाणं लागलं की सुपरवायझर स्वतः उठून स्टेशन बदलायचा.

त्या सोमवारी उडतंच गाणं लागलं होतं. चादर ताणून दोघी समोरासमोर आल्या तेव्हा जोडीदारीण दबक्या आवाजात म्हणाली, "कळलं का? शुक्रवारी मारणार आहेत त्याला."

पलीकडे इस्त्री करणाऱ्याने दचकून मान वर केली. रेडिओबाईच्या हातून चादरीचं टोक सुटलं.

"कोणाला?" तिने विचारलं खरं, पण तिला कळायचं ते कळलं होतं.

"कोणाला म्हणजे काय? आपल्या मालिकेतल्या थोरल्याला. सिनेमा मिळालाय म्हणे. मग काय, गाडीला अपघात आणि खेळ खलास. माझ्या भावजयीने मोबाइलवर वाचलं."

"खोटं असेल."

"आज जाहिरात बघ, दाखवतायत. अगं, पण तुझा चेहरा का असा उतरला? तुझा कोण लागतो तो?"

तो तिचा कोणी लागत नव्हता. पण त्याच्यावाचून तिच्या घरात एक माणूस उपाशी राहणार होतं, आणि लॉन्ड्रीत हे कोणाला ठाऊक नव्हतं.

ते माणूस म्हणजे तिच्या सासूबाई. गेल्या वर्षभरात त्यांनी एकेक गोष्ट सोडून दिली होती. आधी आठवड्याचे वार सुटले, मग शेजारपाजार, मग घरची माणसं. थोरला मुलगा वारला हे त्यांना दोनदा सांगून झालं. दोन्ही वेळा त्या पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडल्या, त्यामुळे तिसऱ्यांदा सांगायचं धाडस कोणी केलं नाही. धाकट्याला, म्हणजे रेडिओबाईच्या नवऱ्याला, त्या मीटर बघायला आलेला माणूस समजत. तो लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता आणि मुळातच मितभाषी. कामावरून आला की सासूबाई त्याला सांगायच्या, "मीटर दाराबाहेर आहे हो. बूट काढू नका." एकदा तो नुसतं "बरं" म्हणाला आणि खरोखरच बाहेर जाऊन मीटरसमोर उभा राहिला. बराच वेळ आत आला नाही.

शेवटी सासूबाईंनी खाणं सोडलं. चमचा ओठांशी नेला की तोंडाला कुलूप. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, ती त्या ओढून काढतील, म्हणून हात बांधावे लागतील. हात बांधायचं त्यांनी असं सांगितलं, जणू चष्म्याचा नंबर बदलायचा आहे.  त्याच हातांनी रेडिओबाईला या घरात भाकरी थापायला नाही, तर भांडायला शिकवलं होतं. कंबरेवर हात ठेवून कसं उभं राहायचं, ते सासूबाईंकडूनच उचललेलं.

तेवढ्यात ही मालिका लागली. मालिका तशी टाकाऊच. भलंमोठं घर, त्याला भलामोठा जिना, आणि जिन्याआड कायम कोणीतरी कान देऊन उभं. पण त्यात एक थोरला मुलगा होता. तो रोज कामावरून यायचा आणि बुटांची नाडी सोडता सोडता विचारायचा, "आई, जेवलीस का?" लिहिणाऱ्याला दुसरं काही सुचत नसावं, कारण वाक्य रोज तेच. पहिल्यांदा ते कानावर पडलं तेव्हा सासूबाईंनी मान वळवली. टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "जेवते रे, बसतेच आहे," आणि तोंड उघडलं. त्यांचा गेलेला थोरला दारातून शिरताना हेच विचारायचा. नटाच्या आणि त्याच्या चेहऱ्यात काडीचं साम्य नव्हतं. पण तेवढ्या तीन शब्दांवर त्यांचं पोट भरू लागलं.

तेव्हापासून जेवण म्हणजे मालिका. शीर्षकगीत लागलं की रेडिओबाई वाटी घेऊन पलंगावर बसायची आणि गळा मोकळा सोडायची. सासूबाई बोटांनी कठड्यावर ताल धरायच्या, तोही चुकीचाच. मालिकेतली काकू पडद्यावर आली की दोघी मिळून तिचा उद्धार करायच्या. "मेली," सासूबाई घास गिळून म्हणायच्या, "हिला आधी बाहेर काढा." दिवसातला तेवढाच वेळ दोघींना सुखाचा जायचा. रविवारी मालिका नसे, आणि रविवारी सासूबाई पाण्यावर असत.

सोमवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळी जाहिरात लागलीच. उलटलेली गाडी, फिरणारं चाक, आणि टाहो फोडणारी आई. रेडिओबाईने पटकन पदर मध्ये धरून टीव्ही झाकला.

मंगळवारी तिने नवऱ्याला गाठलं. "अहो, तुमचा आणि दादांचा आवाज फोनवर कोणाला वेगळा ओळखू यायचा नाही. शुक्रवारपासून तेवढं एक वाक्य तुम्ही म्हणा ना."

तो हात पुसत होता. पुसतच राहिला. "ती मला बघते तेव्हा मीटरवाला म्हणते."

"म्हणून तर म्हणते, मागून विचारा. दिसू नका."

"म्हणजे दादा होऊ? मी जिवंत असताना?" तो कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही. "जमणार नाही मला. दुसरं काहीही सांग."

बुधवारी सकाळी तिने जोडीदारणीकडून शिकून मोबाइलवर एक जुना भाग लावून पाहिला. सासूबाईंनी जरा वेळ बघितलं आणि मोबाइल परत दिला. "हे झालंय. पडदे जुने आहेत. नवे पडदे त्यांनी लग्नाच्या वेळी लावले." आणि ओठ मिटून घेतले. पोटच्या पोराला न ओळखणारी बाई, पण मालिकेतले पडदे तिच्या लक्षात. रेडिओबाईला हसू आलं, मग रडू आलं, मग लॉन्ड्रीला उशीर झाला.

शुक्रवारी तिचं कशात लक्ष नव्हतं. रेडिओवर गाण्यामागून गाणी लागत होती आणि तिची पावलं एकाही गाण्याला धरून पडेनात. दोनदा ती चादर घेऊन जोडीदारणीवर आदळली. "आज रेडिओ बंद का गं?" कोणीतरी विचारलं.  तिच्या डोळ्यांसमोर पलंगाच्या कठड्याला बांधलेले दोन हात होते, आणि त्या हातांना चुकीचा ताल धरायलाही जागा नव्हती.

संध्याकाळी तिने भात मऊ शिजवला, सासूबाईंना उशी देऊन बसवलं आणि टीव्ही लावला. शीर्षकगीत पूर्ण होऊ दिलं. मग दाराबाहेर गेली, मीटरशेजारचा मेन स्विच खाली ओढला आणि चाचपडत आत आली. बघायलाच मिळालं नाही, तर निदान या घरात तो मरणार नाही. तिचं डोकं एवढ्यापर्यंतच चाललं होतं, पुढचं काही ठरलं नव्हतं.

"लाइट गेली आई," ती म्हणाली. "काही बिघडलं नाही. मी सांगते पुढचं."

पण भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही चालूच होता. ब्रेक किंचाळले, काचा फुटल्या, बाईचा हुंदका आला. सासूबाईंनी कान टवकारल्याचं तिला अंधारात कळलं. तिने घाईघाईने शीर्षकगीत सुरू केलं, छातीतला होता नव्हता तेवढा जोर लावून. पलीकडे माणसं रडत होती आणि ती त्यांच्यावर ओरडून गात होती. गाणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून. तिचा घसा फाटला तेव्हा कुठे पलीकडे साबणाची जाहिरात लागली.

"आला का तो?" सासूबाईंनी विचारलं.

"आला आई. गाडी लावतोय खाली."

"मग विचारत का नाही?"

रेडिओबाईने आवाज जाड केला. "आई, जेवलीस का?"

"तू गप्प बस. तू रोजच विचारतेस."

तिने चमचा पुढे केला. तो मिटल्या ओठांवर आपटला आणि भात चादरीवर सांडला. पुन्हा भरला, पुन्हा सांडला. तिचा धीर सुटला. "खा हो आई," ती रडत म्हणाली. "एवढं खा. हात बांधतील तुमचे. मला नाही बघवणार. मी तुमच्या पाया पडते, पण खा."

जिन्यावर पावलं वाजली आणि दाराबाहेर थांबली. नवरा. शेजारी लख्ख उजेड आणि आपल्याकडे अंधार, म्हणजे काय झालंय हे त्याला कोणी सांगायला नको होतं. आता खटका ऐकू येणार, दिवे लागणार, म्हणून तिने डोळे घट्ट मिटले.

खटका आला नाही. दार ढकललं गेलं. बुटांच्या नाड्या सुटल्याचा आवाज आला, एकाची, मग दुसऱ्याची.

"आई, जेवलीस का?"

"जेवते रे, बसतेच आहे," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड उघडलं.

अंधारात रेडिओबाईचा पहिला घास हनुवटीवर गेला. दुसरा बरोबर पडला. मग तिसरा. अर्धी वाटी झाली तेव्हा सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"धाकटा आला का रे?"

दारात बूट भिंतीकडे सरकवल्याचा आवाज आला.

"त्याला आधी वाढायला सांग हिला. तुझं बरं आहे, तू बोलतोस. तो कोणाला काही विचारत नाही आणि मागतही नाही. उपाशीच झोपेल तसा." त्यांनी मान दाराकडे वळवली. "जेवला का तो?"

पलीकडची जाहिरात संपून पुन्हा मालिका लागली, तेव्हा दारातून आवाज आला.

"जेवला, आई."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"मग ठीक," म्हणून त्यांनी मनगट सोडलं आणि पुन्हा तोंड उघडलं. रेडिओबाई भरवत राहिली. वाटी रिकामी झाली, तोंड पुसून झालं, सासूबाई आडव्या झाल्या, तरी मेन स्विच वर करायला दोघांपैकी कोणी गेलं नाही.