पाऊस न लागलेलं खत

आयव्ही मॅकरेला आमच्या डोंगरातली माणसं जरा टरकूनच असायची. एकसष्ट वय, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, पाचशे मेंढ्या नि दोन कुत्री एकटीनं सांभाळायची. तोंडाची फटकळ. पण रानावर विमानातनं सुपरफॉस्फेट खत टाकून घ्यायला कधी चुकली नाही. म्हणायची, "आपलं रान क्लोव्हरच्या चाऱ्यावर उभं हाय नि क्लोव्हर फॉस्फरसवर. त्याला उपाशी ठेवलं तर मेंढी काय दगड चाटंल?"

त्या ऑगस्टात खत पडलं आणि पावसानं दडी मारली. क्लोव्हरच्या पानापानावर राखाडी भुकटी तशीच. ती धुऊन गेल्याशिवाय तिथं जनावर सोडायचं नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. ताजं खत पोटात गेलं की मेंढीला विष होतं. त्यात तिच्या मेंढ्या व्यायला वीस दिवसांवर आलेल्या.

बुधवारी सकाळी मला, शेजारच्या रानवाल्याला, तिचा फोन. "डेस, कुत्री घेऊन पळत ये. मेंढ्या खतात शिरल्यात."

दोनशे मेंढ्या तोंडं भुकटीनं माखून चरत होत्या. तासाभरात हाकलून बाहेर काढल्या, स्वच्छ पाणी दाखवलं, वाळलं गवत टाकलं. एकीनंही तोंड लावलं नाही.

"फाटक कुणी उघडं टाकलं?" आयव्हीनं विचारलं.

आदल्या दुपारी मी तिथनंच गेलो होतो. आमच्यात रीत अशी, की दुसऱ्याचं फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं. मालकानं काही हिशेबानं ठेवलेलं असतं.

"मला उघडंच दिसलं," मी म्हणालो. "तसंच ठेवलं."

तिनं फाटकाकडं पाहिलं. "विमानात भरायचं खत आणणाऱ्या ट्रकसाठी मीच उघडलं. लावायचं राहिलं. पण मुडद्या, पानं राखाडी दिसली न्हाईत तुला?"

"दिसली."

"मग?"

मग काय! मी फाटकाची कडी पुन्हा एकदा ओढून बघितली.

जनावरांचा डॉक्टर मेंढ्यांची पोटं चाचपून म्हणाला, "औषधाचा फार भरवसा नाही. रवंथ करायला लागली, ती वाचली समजा."

गुरुवारी सहा गेल्या. शुक्रवारी अकरा. न सांगता मी ट्रॅक्टर आणून खड्डा खणत होतो. आयव्ही माझ्याशी बोलत नव्हती, पण चहाचा मग चाकापाशी ठेवून जायची. दिवसभर मेंढ्यांमधनं फिरायची, एकेकीच्या जबड्याकडं बघत.

शनिवारी दुपारी पावसाची भुरभुर सुरू झाली.

"आता पडतोय मेला," ती म्हणाली. मग एकदम हात वर केला. "इंजिन बंद कर. ती कुंपणाजवळची बघ. जबडा हलतोय का?"

मी उतरलो, उकिडवा बसलो. मेंढीचा जबडा थांबला, पुन्हा हलला.

"हलतोय गं."

"एक," ती म्हणाली, आणि पुढच्या मेंढीकडं गेली.