दानशूर मामा

आमचा मामा स्वतःच्या दंडाकडे जितक्या प्रेमाने पाहायचा, तितक्या प्रेमाने त्याने मामीकडेही कधी पाहिले नसेल. कोपराच्या आतल्या बाजूला सुयांचे बारीक व्रण होते. बाही वर सारून तो ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवी. सुरतेत तेव्हा रक्त विकणारे बरेच होते, पण विकतो हा शब्द मामाला खपत नसे. "तुम्ही यंत्रमागावर घाम विकता. मी रक्त देतो," तो म्हणे. डिंडोलीतल्या आमच्या गल्लीने त्याचे नाव दानशूर ठेवले. त्यातला टोमणा त्याला कधी कळला नाही.

असला ऐदी माणूस मी दुसरा पाहिला नाही. रक्त देऊन आला की माझ्या आईकडे हक्काने बसे. "आज एक जीव वाचाडा, बहीण. शिरा कर." शिरा आला की पहिला घास मात्र माझ्या बहिणीला, सुमनला भरवी. तेवढाच त्याचा चांगुलपणा.

सुमनच्या पहिल्या बाळंतपणात फार रक्त गेले. डॉक्टरांनी तातडीने रक्त मागितले. मामा बाहेर बाकावरच होता. आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो. त्याने बाही खाली ओढली.

"तिले मन्हं रगत चालत नही," म्हणाला आणि उठून चालता झाला.

शेवटी तिच्या दिराने आणि मी रक्त दिले. सुमन वाचली. फुकट द्यायची वेळ आली तेव्हा दानशूर पळाला, असे आम्ही समजलो. सुमनने त्याच्याशी बोलणे टाकले. तो मात्र निर्लज्जासारखा नवसारीला जाऊन रक्त देई आणि आल्यावर शिरा मागे.

पुढल्या वर्षी त्याचे पोट फुगले, पाय सुजले, डोळे पिवळे झाले. दारूला तो शिवत नसे, म्हणून सगळ्यांना नवल. दवाखान्यात मीच घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, "यकृत पार खराब झालंय. काविळीचे दोन विषाणू आहेत, बी आणि सी. एकच असता तर कदाचित इतक्या लवकर ही वेळ आली नसती."

दुकानदाराने मापात फसवावे तसा मामा चिडला. "दोन कसे? रक्तपेढीत तर मला एकच सांगितला होता!"

बाहेर आल्यावर मी विचारले, "कधी सांगितलं होतं?"

"सुमनच्या बाळंतपणाआधी. मग त्यांनी माझं रक्त घेणंच बंद केलं."

"म्हणून तिला दिलं नाहीस?"

"तिले कसं देऊ? मन्ही भाची शे ती."

"मग नवसारीला कसा देत होतास?"

"तिथं तपासत नव्हते." बाही चाचपत तो थांबला. "आनि तठे आपलं कोन व्हतं?"

मला त्याची किळस आली. तरी रिक्षात चढवताना त्याला धरावे लागले. पाय उचलत नव्हते.

काही आठवड्यांनी रक्ताच्या उलट्या होऊन तो गेला. दहाव्याला कोणीतरी म्हणाले, "फार जणांना जीवदान देऊन गेला." मी उठून बाहेर आलो. सुमन ओट्यावर तटस्थ बसली होती. तिला सगळे सांगितले.

ती रडली. मामासाठी रडताना मी तिला तेव्हाच पाहिले. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "नवसारीत ज्या बायांना त्याचं रक्त चढलं, त्यांनाही मामा असतील ना रे?"