कधीच न ओढलेला हँडब्रेक

कल्पना करा, तुम्ही जुन्या गाडीखाली उताणे पडला आहात. हँडब्रेकची केबल गंजून आपल्या नळीतच घट्ट बसली आहे. कितीही ओढा, हलत नाही. वरून गंज डोळ्यांत पडतो. शेवटी ती कापूनच काढावी लागते.

मेकॅनिकने तशीच काढली. गाडी त्याच्या थोरल्या बहिणीची होती. गेल्या आठवड्यात गाडी उतारावरून घरंगळली आणि भावोजींचा पाय मोडला. "मीच वेंधळी, गियर टाकायला विसरले," असं ताई सगळ्यांना सांगत होती.

पण "गाडी गियरमध्ये लावत जा, हँडब्रेक कशाला झिजवतेस?" हे तिला त्यानेच शिकवलं होतं. वर्षानुवर्षं न वापरल्यामुळेच केबल जाम झाली होती.

"मेहुणे, जमलं तर माझा पायही बदला," भावोजी घराच्या खिडकीतून म्हणाले.

त्याला हसू आलं नाही. नवी केबल ताणून झाल्यावर तो ताईजवळ गेला. "चूक माझी होती गं."

"माहीत आहे. हात धू, चहा गार होतोय."

तो नळाखाली हात चोळून धुऊ लागला. माहीत होतं, तर सासरच्या सगळ्यांची बोलणी तिने एकटीने का ऐकून घेतली?