फौजदारिणीचा उजवा खांदा

आमच्या नाचणगावातली फौजदारीण आधी मारायची आणि मग विचारायची. पोलिसात तिचं कोणीच नव्हतं. पुलगावच्या गिरणीत ती कामाला जायची, आमच्या बौद्ध वस्तीत एकटी राहायची आणि वडिलांनी शिकवलेली लाठी सतत जवळ बाळगायची. आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे हातभट्ट्यांना तोटा नव्हता. एकदा तिनं एका भट्टीवाल्याचे सगळे डबे फोडले. तो आडवा आला तेव्हा त्याचे पुढचे दातही गेले. "दात कायले मधात आणले त्यानं?" असं वर तीच विचारत होती.

मी मॅट्रिक झाले आणि बाबांनी मला घरी बसवलं. वर्धेचं कॉलेज म्हणजे रोजची पॅसेंजर, आणि पॅसेंजरमध्ये टवाळ पोरं. "वरीसभर थांब, मंग पाहू," बाबा म्हणाले. पाहू म्हणजे स्थळं पाहू, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. मी रडून घर डोक्यावर घेतलं. ते ऐकून फौजदारीण आली आणि तिनं माझ्या पोटरीवर एक सणसणीत काठी ओढली.

"काऊन रडून राह्यली?"

मी सांगितलं.

"वरीस भेटलं ना फुकट? मंग चाल बाहीर."

त्या वर्षी माझ्या अंगावर हिरवानिळा नसलेला भाग शोधावा लागे. ती सांगून मारत नसे. मी पाणी भरत असले, भाकर थापत असले, तरी मागून काठी यायची. अडवली तर ठीक, नाहीतर वळ. मी विव्हळले की म्हणायची, "गाडीतला पोट्टा तुले विचारून हात लावन काय?" मला तिचा संताप यायचा. एकदा मी खरोखरच तिचं डोकं फोडायला धावले, तेव्हा मात्र ती खुशीत हसली आणि तिनं मला चहा पाजला.

एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीत लाठी शिकलेल्या नव्या खेळाडूची परीक्षा असे. त्याच्या घरच्याच माणसानं डोक्यावर मडकं घेऊन उभं राहायचं आणि खेळाडूनं ते लाठीनं फोडायचं, अशी आमच्याकडची रीत. फौजदारिणीनं चारचौघांत बाबांना उभं केलं. बाबाही मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मडकं फुटलं तं वर्धेले, नाई तं सासरी."

डफडं घुमत होतं. मी लाठी फिरवली, आणि ऐन वेळी बाबांनी मान बाजूला काढली. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. बाबांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. मडकंही फुटलं, पण खाली पडून.

खांदा बांधून घरी आल्यावर बाबांनी निकाल दिला. "कॉलेज बंद. याच महिन्यात लगन." आई रडत होती. तेवढ्यात फौजदारीण दारात आली. तिनं आपली लाठी बाबांच्या धड हातात दिली आणि पुढ्यात उभी राहिली.

"पोरीले मी शिकवलं, भाऊ. राग माह्यावर काहाडा. पण तिले वर्धेले धाडा."

बाबा मारणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्यांनी मारलं. गावासमोर झालेली फजिती, दुखणं, सगळं त्या एका फटक्यात उतरलं. तिच्या उजव्या खांद्यावर तो बसला. डोळ्यांसमोर येणाऱ्या काठीला ती जन्मात कधी अशी न अडवता सामोरी गेली नसेल. ती गुडघ्यावर आली, पण हात वर केला नाही.

"झालं?" ती धापा टाकत म्हणाली. "आता बोला."

बाबांच्या हातून लाठी गळाली. ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "जाऊ दे तिले."

जूनमध्ये मी वर्धेला जाऊ लागले. पॅसेंजरमध्ये एकानं ओढणी ओढली, त्याचं मनगट मी मोडलं. नंतर कोणी ओढली नाही. फौजदारिणीचा उजवा हात मात्र पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. लाठी तिनं ठेवून दिली. रविवारी मी तिच्याकडे जायचे आणि तिचे केस विंचरून अंबाडा घालायचे, कारण तिचा हात डोक्यापर्यंत पोचत नव्हता. मला फार वाईट वाटायचं, हात हळू चालायचा. ती खेकसायची, "ओढ ना जोरानं! कॉलेजात जीव गेला काय तुहा?"

ती गेली तेव्हा मी नोकरीवरून धावत आले. बायकांनी तिला न्हाऊ घालून ठेवलं होतं, पण केसांना कोणी हात लावला नव्हता. मी कंगवा घेतला आणि जोरानं ओढून अंबाडा घातला.