मैसूरच्या राजवाड्यातली पाठुंगळी

काल कल्याणच्या बाजारात एका दुकानातून चंदनाच्या साबणाचा वास आला आणि मी एकदम मैसूरच्या राजवाड्यासमोर पोचले. दहा वर्षांची, मे महिन्यातल्या भर दुपारी.

चपला बाहेर काढायला लागलेल्या आणि अंगणातली फरशी नुसती भाजत होती. "काका, चटके बसतायत," माझी चुलतबहीण मेधा म्हणाली. बाबांनी तिला लगेच पाठुंगळी घेतलं. मी हात पुढे केला तर म्हणाले, "तू पळ गं, तू धीट आहेस."

आत रंगीत काचांचं छत होतं, कोरीव खांब होते. मला दिसत होते फक्त बाबांच्या गळ्यातले तिचे हात.

बाहेर आल्यावर मी बाबांना बाजूला ओढून विचारलं, "तुमची मुलगी कोण, ती की मी?"

बाबा हळूच म्हणाले, "तिला आता उचलून घ्यायला कोण आहे, सांग?"

मेधाचे वडील त्याआधीच्याच हिवाळ्यात गेलेले. तरी घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

आज कळतं, बाबांचं बरोबरच होतं. तरी गेल्या वर्षी बाबा गेले तेव्हा मेधा माझ्यापेक्षा जास्त रडली, आणि मला तिचा हेवाच वाटला.