अश्वजितनं पाहिलेल्या दोन सभा

मेहकरहून सुलतानपूरकडे येताना आमचं गाव लागतं. एसटी जिथं थांबते तिथंच अश्वजितची पिठाची गिरणी आहे. भाऊराव आणि बनाबाईचा हा थोरला मुलगा. बारावी झाल्यावर निमलष्करी दलात भरती झाला आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्यानं ईशान्येकडच्या डोंगरांत काढली. माणूस अबोल. त्यामुळं तिथं काय पाहिलं हे गावाला कधी कळलंच नाही. कळलं ते गेल्या वर्षीच्या ग्रामसभेत.

दोन हजार एकवीस साली तो मिझोराममध्ये, म्यानमारच्या हद्दीवरच्या एका चौकीवर होता. खाली तिआऊ नदी. उन्हाळ्यात जेमतेम गुडघाभर पाणी. दोन्ही काठांना एकमेकांच्या नात्यातलीच माणसं राहायची. बाजार, सोयरिकी, मयत, सगळ्याला नदी ओलांडून येणं-जाणं. त्या फेब्रुवारीत पलीकडं सैन्यानं निवडून आलेलं सरकार पाडलं. आधी बातम्या आल्या, मग गोळ्यांचे आवाज, मग माणसं येऊ लागली. वरून हुकूम आला की कुणालाही अलीकडं घ्यायचं नाही.

एका दुपारी काही जण ओल्या कपड्यांनी काठावर चढून आले. अश्वजितनं त्यांना तिथंच थांबवलं. त्यांच्यातली एक बाई दगडावर बसून पुटपुटत होती. शब्द ओळखीचे नव्हते, चाल मात्र ओळखीची होती. तो जवळ गेला. “बोद्धां थरनां गिस्सामि,” ती म्हणत होती.

अश्वजित तिच्यासमोर उकिडवा बसला. मग हळूच म्हणाला, “बुद्धं सरणं गच्छामि.”

बाईनं मान वर केली आणि ती रडायलाच लागली.

चौकीजवळच्या गावातली एक मिझो दुकानदारीण मोडक्या हिंदीत दोघांमध्ये दुभाषी झाली. बाई शाळेत शिक्षिका होती, लांबच्या शहरातली. तिकडं शिक्षिकेला ‘सयामा’ म्हणतात, म्हणून सगळे तिला तेच म्हणू लागले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत तिची ड्युटी मतदान केंद्रावर होती, लोकांच्या बोटाला शाई लावायची. तीन महिन्यांत सैन्यानं सांगितलं, ती निवडणूकच खोटी. सयामा आणि तिच्यासोबतच्या शिक्षकांनी शाळेत जायचं नाकारलं. त्यावर शिपाई घरी आले आणि तिच्या मुलाला घेऊन गेले. तो कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

“ते शिपाई पण बुद्धाचेच ना?” अश्वजितनं विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “तेही हेच म्हणतात आणि मग गोळी घालतात.”

दुसऱ्या दिवशी फोनवर हे बायकोला, मंजुश्रीला, सांगताना तो म्हणाला, “मले वाटे, आपला धम्म जिथं हाये तिथं असं व्हत नसन. इथं तं सारं उलटंच पाहून राह्यलो.”

त्या माणसांचं करायचं काय, हे चौकीच्या साहेबानं वर विचारलं. उत्तर येईपर्यंत त्या मिझो गावानं चर्चच्या हॉलमध्ये सभा भरवली. अश्वजितला तिथं बंदोबस्ताला पाठवलं होतं. तो मागं भिंतीला टेकून उभा राहिला. शेजारी उभा असलेला एक मिझो जवान त्याला कानात अर्थ सांगत होता. एक म्हातारा म्हणाला, आपल्यालाच तांदूळ पुरत नाही. एक तरुण पोरगी उठून म्हणाली, माणसांच्या मागं बंदुका येतील, नशेची पावडर येईल, तेव्हा काय करणार? तिला कुणी गप्प बसवलं नाही. वाद झाला, माणसं चिडली, एक जण तर उठून निघूनच गेला. शेवटी ठरलं की आलेल्यांना शाळेत ठेवायचं, घरटी थोडा थोडा तांदूळ द्यायचा आणि ज्याच्याकडं हत्यार सापडेल त्याला गावानंच चौकीवर आणून द्यायचं. राज्याचं सरकारही गावाच्याच बाजूचं होतं. साहेबानं तसा अहवाल वर पाठवला आणि त्या दिवशी कुणालाही परत नदीत उतरावं लागलं नाही.

त्या पोरीचं म्हणणंही पुढं खरं ठरलं. पावडर आली, बंदुका आल्या. तांदळाच्या पोत्यात पिस्तुलं लपवून आणणारा एक माणूस अश्वजितनंच पकडला. त्या झटापटीत त्याचा जोडीदार राजकुमार याच्या मांडीत गोळी घुसली. पलीकडं विमानं बॉम्ब टाकू लागली की अलीकडच्या घरांचे पत्रे थरथरायचे. हळूहळू नियम कडक झाले. आईला भेटायला नदी ओलांडणाऱ्या लेकीलाही पास लागू लागला. आसऱ्याला आलेल्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचा हुकूम आला. सयामाचा अंगठा मशीनवर धरताना अश्वजितला तिच्याकडं बघवलं नाही. तिनंच त्याच्या हातावर थोपटलं.

निवृत्त होऊन तो गावी आला, गिरणी टाकली. गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या नव्या खोल्यांचं काम निघालं. ठेकेदारानं बंगालमधल्या मालद्याहून चार मजूर आणले. ते शाळेमागच्या शेडमध्ये राहत आणि आपसात बंगालीत बोलत. त्याच सुमारास कुणाच्या तरी मोबाइलवर एक व्हिडिओ आला. बांगलादेशातून घुसलेली माणसं मजूर बनून गावोगाव राहतात, असं त्यात म्हटलं होतं. दोन दिवसांत तो घराघरात पोचला. किराणा दुकानदारानं त्या चौघांना माल देणं बंद केलं.

सरपंच उकंडरावांनी ग्रामसभा बोलावली. ठराव एकच होता : या लोकांनी उद्यापर्यंत गाव सोडावं. सगळे हो म्हणत होते. तेवढ्यात अश्वजित उभा राहिला. त्याला सभेत बोलताना गावानं कधी पाहिलं नव्हतं.

“त्यायचे कागद पाह्यले का कोनी?” त्यानं विचारलं.

“कागद खोटे बी असतात,” मागून कुणी तरी ओरडलं.

“असतात ना. मी सोता पकडले हायेत. म्हणूनच म्हणतो, पोलिसायले सांगा, तपासू द्या. खोटे निघाले तं मी मोरं होऊन गाडीत बसवतो. पन तपासाच्या आंधी हाकलायचं, हे काऊन?”

उकंडराव म्हणाले, “तू बॉर्डरवर व्हता. तुले तं आमच्याहून जास्त राग पाह्यजे.”

“भेव वाटते मले बी, काका. खोटं काऊन बोलू? पन तिकडं मी एक गाव पाह्यलं. त्यायच्या उंबऱ्यापाशी लढाई आली व्हती. तरी त्यायनं समद्यायचं ऐकून घेतलं, मंग ठरवलं. आपल्यापाशी तं नुस्ता व्हिडिओ आला.”

मग त्यानं तुटक तुटक शब्दांत सयामाची गोष्ट सांगितली. कुणी हसलं, कुणी घड्याळात पाहिलं. त्याचे वडील भाऊराव खाली बसूनच म्हणाले, “बस ना आता, तुले काय पडलं?” पण म्हातारी गीताबाई, जिचं शेत शाळेला लागून आहे, ती बसल्या जागेवरून बोलली, “त्या पोरायनं माह्या वाडग्याचं कुंपण बांधून देल्लं. पैसे बी नाई घेतले. अदुगर पाहा, मंग हाकला.” तिच्यामागं बऱ्याच बायांनी हात वर केले. बरंच तणतणल्यावर उकंडरावांनी ठराव बदलून घेतला : आधी पोलिसांकडून तपास, तोवर कुणी त्यांना त्रास द्यायचा नाही.

अश्वजितला हे सोपं गेलं नाही. पुढं बरेच दिवस गावातली निम्मी माणसं दळण सुलतानपूरला नेऊ लागली. चौकातून जाताना पोरं ‘बंगाली’ म्हणून हाक मारायची. मंजुश्री चिडली, “तुमीच काऊन बोलले? बाकीचे नोयते का?” पण त्या दिवसापासून ती स्वतः शेडवर जाऊन मजुरांना किराणा पोचवू लागली, कारण दुकानदार ठराव झाल्यावरही माल देत नव्हता.

तपासाचं उत्तर आलं. तिघांचे कागद बरोबर होते. चौथ्याचं काहीच कळलं नाही, कारण सभेनंतर दुसऱ्याच सकाळी तो कुणालाही न सांगता निघून गेला होता. बहुतेक घाबरून. तिघं म्हणाले, तो आमच्याच गावचा, लहानपणापासून ओळखतो. अश्वजितनं मेहकरच्या स्टँडवर चौकशी केली, ठेकेदाराला विचारलं. त्या पोराचा फोन बंदच येत राहिला.

दिवाळीआधी शाळेच्या नव्या खोल्यांचा स्लॅब टाकून झाला. त्या दिवशी उकंडराव गव्हाचा डबा घेऊन सभेनंतर पहिल्यांदाच गिरणीवर आले आणि स्टूलवर बसले.

“लागला का बे त्या पोराचा काही पत्ता?” त्यांनी विचारलं.

“नाई, काका.”

“लागला तं सांगजो,” ते म्हणाले, आणि डबा त्याच्यापुढं सरकवला.